लक्ष्मीपूजनाला विस्कॉन्सिनची गाय

पत्र:

"मी साताऱ्याचा, निवृत्त भूगोल शिक्षक. मुलगी न्यू जर्सीत असते. २००१ पासून ती अमेरिकेतल्या राज्यांची चांदीची पाव डॉलरची नाणी, म्हणजे क्वार्टर, जमवते आणि येईल तेव्हा घेऊन येते. पन्नासपैकी चौतीस माझ्याकडे आहेत. १९९९, २००० आणि २००८ या तीन सालांची पंधरा नाहीत. अलाबामाचे होते, ते एका अंध विद्यार्थ्याला दिले. गेल्या दिवाळीत सौ.ने मला न विचारता अल्बममधली सात नाणी काढली (विस्कॉन्सिन, नेवाडा, कॅन्सस, अर्कान्सा, टेनेसी, मिनेसोटा, साउथ डकोटा), चांदी उजळायच्या पावडरीने घासली आणि लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात मांडली. मोंटानाचेही हातात घेतले होते म्हणे, पण परत ठेवले. नाणी चकाकतात, पण पूर्वीची राहिली नाहीत. त्यावरून घरात जे झाले ते अजून पुरते निवळलेले नाही. आता इंटरनेटवर एक जाहिरात दिसली: पन्नासही राज्ये, ९९९ शुद्ध चांदी, प्रमाणपत्रासह, फक्त ९,९९९ रुपये. पडद्याचा फोटो काढून जोडला आहे. हा संच घेऊन विषय एकदाचा मिटवावा असे वाटते. मुलगा म्हणतो, चांदीच हवी तर ईटीएफमध्ये, म्हणजे कागदावरच्या चांदीच्या फंडात, टाका पैसे, हा काय पोरखेळ. काय करू?"
एक वाचक, सातारा

सर,

आधी जाहिरातीचा निकाल लावू. बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, आणि तुमचे बोट त्या बटणावर कधी पडेल याचा नेम नाही. संच घेऊ नका. पण शिक्षकाला नुसते 'नको' म्हणून भागत नाही, म्हणून गणित मांडते.

अमेरिकेच्या टांकसाळीने १९९९ ते २००८ या दहा वर्षांत राज्यांची जी चांदीची क्वार्टर काढली, त्यातल्या प्रत्येकाचे वजन ६.२५ ग्रॅम. त्यात ९० टक्के चांदी, १० टक्के तांबे. म्हणजे एका नाण्यात निव्वळ चांदी ५.६२५ ग्रॅम. पन्नासांची मिळून २८१ ग्रॅम आणि वर पाव. आता ९,९९९ला २८१.२५ने भागा. ग्रॅमला साडेपस्तीस रुपये पडतात. तुमच्या नेहमीच्या सराफाला फोन करा आणि या भावाने चांदी देता का, असे विचारा. तो आधी तुमची तब्येत विचारेल.

दुसरी गोष्ट त्या ९९९ची, म्हणजे हजार भागांत ९९९ भाग चांदी. टांकसाळीने क्वार्टरची चांदी ९९९ केली ती २०१९पासून. १९९९चे डेलावेअर किंवा २००८चे हवाई ९९९ चांदीत निघालेलेच नाही. विकणाऱ्याला वाटले असणार, आकडा जितका मोठा तितका माल चोख. खरा माल असता तर त्याने ९०० लिहिले असते आणि दाम कितीतरी पट लावला असता.

तिसरी गोष्ट तुम्हीच पाठवलेल्या फोटोतली. भिंग घेऊन बसले होते. न्यू जर्सीच्या नाण्याची वॉशिंग्टनवाली बाजू त्यात बऱ्यापैकी स्पष्ट आली आहे. वॉशिंग्टनच्या शेंडीच्या मागे, 'इन गॉड वुई ट्रस्ट'च्या खाली, एक बारीक अक्षर असते. ते टांकसाळीचे अक्षर. तुमच्या फोटोत तिथे 'पी' आहे. पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर. या दोन टांकसाळींत राज्यांची रोजच्या चलनातली नाणी पडली, आणि त्यांत चांदीचा कणही नाही. चांदीची झाडून सगळी सॅन फ्रान्सिस्कोची, त्यांच्यावर 'एस'. प्रमाणपत्राबद्दल काय बोलायचे? ज्याने नाणी विकायला काढली त्यानेच ते छापले आहे.

उलटे मात्र खरे मानू नका. 'एस' आहे म्हणजे चांदीच, असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोला त्याच वर्षांत साध्या धातूचीही आरशासारखी लखलखीत प्रूफ नाणी, म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेली, निघाली, त्यांच्यावरही 'एस'च आहे. फसवणूक बहुतेक इथेच होते आणि विकणारा दर वेळी लबाड असतो असेही नाही, कधी त्यालाच कळत नाही. तेव्हा नाण्याची कड बघा. साध्या क्वार्टरच्या पोटात तांबे असते आणि दोन्ही अंगांना तांबे-निकेलचा पत्रा, त्यामुळे कडेवर तांबूस पट्टी दिसते, सँडविचमधल्या चटणीसारखी. चांदीच्या नाण्याची कड सलग पांढरी. वर चांदीचा मुलामा चढवला असेल तर ही पट्टीही झाकली जाते, म्हणून शेवटचा शब्द वजनाचा. साधे क्वार्टर ५.६७ ग्रॅमचे. फरक अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त, काटा जुनाट असेल तर तेवढ्यात घोळ होतो. त्यावर माझी युक्ती: सुटी नाणी असतील तर पाच एकदम ठेवा. चांदीची असतील तर ३१.२५, साधी असतील तर २८.३५. जवळजवळ तीन ग्रॅमचा फरक कुठलाही काटा लपवत नाही. लोहचुंबक घेऊन बसू नका. चांदीला चिकटत नाही हे खरे, पण साध्या क्वार्टरलाही चिकटत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. एका प्रदर्शनात मी 'चांदीचे टेक्सास' म्हणून एक नाणे मोठ्या कौतुकाने घेतले होते. घरी येऊन डबी उघडली तर रंग जरा जास्तच पांढरा वाटला. सराफाने काट्यावर ठेवले, ५.७ आकडा आला, आणि त्याने काही न बोलता काटा माझ्याकडे वळवला. मुलामा होता. ते टेक्सास अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवीन कुणी छंद लागलाय म्हणून भेटायला आले की आधी तेच हातात देते आणि ओळखा म्हणते.

आपल्याकडे नाणे वाजवून घ्यावे म्हणतात. माझी आजी राणीछाप रुपया ओट्याच्या दगडावर टाकून कान लावायची. तिच्या काळाला ते ठीक होते, कारण त्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून सरकारने ती ५० टक्क्यांवर आणली. अमेरिकेनेही पुढे हेच केले, १९६५च्या कायद्याने चलनातल्या क्वार्टरमधून चांदी पूर्ण काढून टाकली, आणि ९० टक्के चांदीचे प्रूफ क्वार्टर परत आले ते १९९२ पासून, तेही फक्त संग्राहकांसाठी. ही नाणी मात्र वाजवून घ्यायची नाहीत. एकदा दगडावर पडले की संपले. का, ते सांगताना आता मला तुमच्या घरात यावे लागेल.

प्रूफ नाण्याचा साचा आधी घासून आरशासारखा करतात, ज्या चकतीवर छाप मारायचा तीही चकचकीत करतात, आणि ठोका एकापेक्षा जास्त वेळा मारतात. म्हणून त्याची पार्श्वभूमी आरसा असते आणि चित्र त्यावर धुक्यासारखे, दुधी. या दोहोंतला फरक म्हणजेच ते नाणे. चांदी उजळायच्या पावडरीत बारीक खर असते. ताम्हन, निरांजन, अत्तरदाणी यांना ती चालते, कारण तिथे आपल्याला वरचा काळा थर खरवडूनच काढायचा असतो. आरशावर तीच पावडर फिरवली की हजारो बारीक ओरखडे उठतात. नाणे चकाकते, पण आता ते ओरखड्यांतून चकाकते. तुमच्या पत्रातले 'पूर्वीची राहिली नाहीत' हे बरोबर आहे. दिव्याखाली नाणे तिरके धरा, गाडीच्या पुसलेल्या काचेवर उन्हात दिसतात तशा गोल गोल रेषा दिसतील.

ते आता परत पूर्वीसारखे होणार नाही. कुणी म्हणेल खाण्याचा सोडा आणि अॅल्युमिनियमचा कागद, कुणी म्हणेल चिंच, कुणी म्हणेल टूथपेस्ट. काहीही करू नका. त्या सात नाण्यांना संग्राहकांच्या बाजारात यापुढे चांदीपुरतीच किंमत आहे. एका नाण्याची चांदी ५.६२५ ग्रॅम, त्या दिवसाच्या भावाने गुणा, सातने गुणा, आणि मनाला सांगा की बुडाले ते एवढ्यावरचे. तो आकडा तुम्ही मनात धरलाय त्याहून लहान असेल, असा माझा अंदाज आहे. १९९९ सोडले तर या मालिकेतली बहुतेक चांदीची नाणी धातूच्या भावाहून फार वर विकली जात नाहीत.

पैशाचा हिशेब झाला. आता न विचारता काढण्याचा. ते चुकलेच, वहिनींच्या बाजूने मी त्यात काही बोलणार नाही. पण तुम्ही सातही नावे लिहून पाठवलीत म्हणून मी माझा अल्बम काढून ती सात नाणी ओळीने मांडून बघितली, आणि मला हसू आले. सर, तुम्ही ही यादी नीट बघितलीत का?

विस्कॉन्सिनवर गाय आहे. शेजारी चीजची चकती आणि मक्याचे कणीस. नेवाडावर तीन घोडे, मागे डोंगरातून उगवणारा सूर्य. कॅन्ससवर गवा आणि सूर्यफुले. अर्कान्सावर भाताच्या लोंब्या, पाण्यावरून उडणारे बदक आणि वरती चक्क हिरा. टेनेसीवर वाद्ये: व्हायोलिन, गिटार, ट्रम्पेट. मिनेसोटावर तळे आणि त्यात पोहणारा पक्षी. साउथ डकोटावर डोंगरात कोरलेले चार अध्यक्ष, पण दोन्ही बाजूंनी गव्हाच्या ओंब्या.

धान्य, गाय, घोडे, पाणी, हिरा, वाद्ये. लक्ष्मीपूजनाला याहून नेमकी सात नाणी त्या चौतिसांतून मला काढता आली नसती, आणि मी हा उद्योग बरीच वर्षे करते आहे. इंडियानाची शर्यतीची मोटार त्यांनी घेतली नाही. फ्लॉरिडाचे अवकाशयान घेतले नाही. मोंटानावर गव्याची कवटी आहे. ते हातात घेऊन परत ठेवले. दिवाळीच्या दिवशी ताम्हनात कवटी कोण मांडेल? म्हणजे वहिनींनी हाताला लागतील ती सात उचलली नाहीत. प्रत्येक नाणे बघितले, त्यावर काय आहे ते ओळखले, आणि निवड केली. मिशीएवढ्या बारीक लोंब्या भाताच्या आहेत हे ओळखायला नाणे डोळ्यांजवळ न्यावे लागते. बहुतेक घरांत नाण्यांचा अल्बम बाकीच्या माणसांनी उघडून बघितलेलाही नसतो.

तुम्ही आयुष्यभर मुलांना नकाशा वाचायला शिकवलेत. घरात मात्र 'अल्बमला हात लावू नकोस' एवढाच धडा झाला असावा, असे मला पत्राच्या सुरावरून वाटते. चुकत असेन तर रागावू नका. आरसा म्हणजे काय, दुधी चित्र म्हणजे काय, नाणे कडेने का धरायचे, हे एकदा कुणी त्यांना दाखवले असते तर ती पावडर बहुधा डब्यातच राहिली असती.

म्हणून माझे मत असे: ती सात नाणी आता वहिनींची. अल्बममध्ये परत कोंबू नका, तिथे ती रोज डोळ्यांत खुपतील. देवघरात, त्यांच्या डबीत, हळदीकुंकवासकट राहू देत. दर दिवाळीला खुशाल घासू देत, यापुढे त्यांचे काही बिघडत नाही. सातांच्या जागी सात नवी घ्यायची, आणि ती महागात पडत नाहीत, कारण ती २००२ ते २००६ या सालांची आहेत आणि मुबलक मिळतात.

अल्बमबद्दल तुम्ही फार लिहिलेले नाही, पण फोटोच्या कोपऱ्यात त्याचे पान आले आहे. मऊ, चकचकीत, प्लास्टिकच्या खिशांचे. ते पीव्हीसी असेल तर पावडरीपेक्षा मोठा शत्रू घरात आहे आणि तो तुम्हीच आणलेला आहे. पान नाकाजवळ न्या. नव्या रेनकोटसारखा वास आला तर आजच नाणी बाहेर काढा. हे प्लास्टिक वर्षानुवर्षे पाझरत राहते आणि नाण्यावर हिरवट, चिकट साय धरते. साताऱ्याच्या पावसाळ्यात ते काम आणखी जोरात चालते. नाण्याच्या मापाच्या, म्हणजे २४.३ मिलिमीटरच्या, कडक गोल डब्या मिळतात, एकेका नाण्याला एकेक. एका हवाबंद डब्यात त्या ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. नुसता पिवळसर, निळसर पापुद्रा धरला तर घाबरू नका. तो चांदीचा स्वभाव आहे, आणि जाणकार तशा नाण्याला घासलेल्या नाण्यापेक्षा मान देतात.

आता राहिलेली सोळा.

इथे माझी एक तक्रार आहे. तुमची लेक न्यू जर्सीत राहते, आणि तुमच्या संग्रहात न्यू जर्सीच नाही! ते १९९९चे तिसरे नाणे. राज्ये ज्या क्रमाने संघात आली त्या क्रमाने नाणी निघाली, वर्षाला पाच. डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ला राज्यघटनेला सर्वांत आधी मान्यता दिली म्हणून ते पहिले. हवाई १९५९ला आले म्हणून पन्नासावे. प्रत्येक नाण्याच्या मागच्या बाजूला वर संघात आल्याचे साल आणि खाली नाणे निघाल्याचे साल आहे. भूगोलाच्या शिक्षकाला मी काय सांगायचे, पण नाणी या क्रमाने मांडली की देश पूर्वेच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला सरकत गेलेला बोटाखाली दिसतो. तुमचा अल्बम २००१ला न्यूयॉर्कपासून सुरू होतो, म्हणजे त्या गोष्टीचे पहिले प्रकरणच फाटलेले आहे. पहिल्या दहा नाण्यांत जुन्या तेरा वसाहतींपैकी दहा आहेत.

त्यातले न्यू जर्सी म्हणजे नावेत उभा वॉशिंग्टन, १७७६च्या नाताळच्या रात्री बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडताना. इमॅन्युएल लॉयट्झे या चित्रकाराच्या १८५१च्या चित्रावरून ते घेतले आहे. पुढच्या बाजूला वॉशिंग्टन, मागेही वॉशिंग्टन. त्याच वर्षीच्या कनेक्टिकटवर एक ओकचे झाड आहे, नाणेभर पसरलेले, फांदी न फांदी मोजावी असे. राजाने वसाहतीला दिलेली सनद १६८७मध्ये काढून घ्यायला माणसे आली तेव्हा ती या झाडाच्या ढोलीत लपवली, अशी कथा आहे. झाड १८५६च्या वादळात पडले. आणि २०००चे न्यू हॅम्पशायर: डोंगराच्या कड्यातून पुढे आलेला म्हाताऱ्याचा चेहरा, ओल्ड मॅन ऑफ द माउंटन. निसर्गानेच घडवलेला. नाणे निघून तीन वर्षे झाली नाहीत तोच, ३ मे २००३ला, तो चेहरा कोसळला. आता तो कड्यावर नाही, नाण्यावर आहे. वर्गात हे नाणे हातात घेऊन खडकांची झीज शिकवता आली असती तुम्हाला.

घ्यायचे कसे? सुटे नाणे शोधत बसू नका. टांकसाळीने ती कडक पारदर्शक चौकटीत बंद करून विकली, तशीच वर्षाची पाच एकत्र घ्या. २००४ पासून चांदीच्या पाच क्वार्टरचा वेगळा संच निघत होता, म्हणून २००८ सोपे आहे. १९९९ आणि २०००ची पाच मात्र त्या काळी त्या वर्षीच्या पूर्ण चांदीच्या प्रूफ संचातच मिळत. १९९९च्या संचात पाच क्वार्टरसोबत सेंट, निकेल (पाच सेंटचे नाणे), डाइम (दहा सेंटचे) आणि अर्धा डॉलर अशी एकूण नऊ नाणी आहेत. त्यातली डाइम आणि अर्धा डॉलर चांदीचे, सेंट आणि निकेल नाहीत. हा संच साधारण आठ लाखच निघाला आणि सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करायची असते, म्हणून दहा वर्षांत तोच सहसा सर्वांत महाग. खोटी नाणी करणाऱ्यालाही अर्थातच महागाच्याच खोट्यात रस असतो, तेव्हा १९९९चा संच जाहिरातीतून नाही, तर लेकीच्या गावाजवळच्या एखाद्या नाणे विक्रेत्याच्या दुकानातून घ्यावा, समोर बघून, पावती घेऊन. तिकडे अशी दुकाने गावोगाव असतात. आणताना कस्टमचे त्या वेळचे नियम काय आहेत ते तिला आधी बघायला सांगा. चौकट घरी आल्यावर फोडू नका. तुमची पहिली चौतीस तुम्ही अल्बमसाठी चौकटींतून काढलीत, ते तेवढे पुरे.

वाटेत कुणी सोन्याचा मुलामा दिलेली, रंगीत छपाईची क्वार्टर दाखवेल. ती टांकसाळीची नव्हेत, बाहेर कुणीतरी नटवलेली चलनातली नाणी आहेत. कुणी विस्कॉन्सिनच्या कणसाला एक पान जास्त असलेले 'दुर्मीळ' नाणे दाखवेल. ती चूक खरी आहे, २००४मध्ये डेन्व्हरला झालेली, पण ते चांदीचे नाणे नव्हे आणि तुमच्या मालिकेत त्याची जागा नाही.

मुलाचे म्हणणे हिशेबाने बरोबर आहे, आणि तसे त्याला सांगून टाका. चांदीचा भाव वाढेल म्हणून चांदी घ्यायची असेल तर नाण्याच्या वाटेने जाऊ नये. घेताना नाणे म्हणून चार पैसे जास्त द्यावे लागतात आणि मोडायला गेलात की सराफ दहा टक्के तांब्याची घट धरून वितळवायच्या भावाने मागतो. ईटीएफ घ्यायचा तर तोही घ्या, तो वेगळा खिसा आहे. पण त्याने एकदा अल्बममधली नॉर्थ कॅरोलिना आणि ओहायो शेजारी ठेवून बघावीत. दोघांवरही राइट बंधूंचे विमान आहे. एक राज्य म्हणते विमान आमच्याकडे उडाले, दुसरे म्हणते उडवणारे आमचे. कोल्हापूर-पुण्याची मिसळ ऐकत वाढलेल्या माणसाला हे भांडण लगेच कळेल. ईटीएफच्या स्टेटमेंटमध्ये असे काही वाचायला मिळत नाही.

अलाबामाबद्दल थोडे. त्यावर हेलन केलर आहे, खुर्चीत बसून मांडीवरचे पुस्तक वाचणारी, आणि तिचे नाव इंग्रजीत आणि ब्रेलमध्येही आहे. ब्रेलचे ठिपके नेहमीपेक्षा बारीक आहेत, बोटाला ते कितपत लागले हे तुमच्या विद्यार्थ्याला विचारा. मला या नाण्याची नेहमी गंमत वाटते: अख्ख्या मालिकेत बोटांसाठी काढलेले हे एकच, आणि आम्ही संग्राहक सगळ्यांना ओरडून सांगतो, बोट लावू नका. तुम्ही ते योग्य हातात दिलेत. दुसरे सहज मिळेल, २००३चे आहे.

तर खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी १९९९चा संच, कारण त्यात लेकीचे गाव आहे आणि उशीर केला तर तो स्वस्त होणार नाही. मग २०००. मग अलाबामा आणि ती बदली सात, जमेल तशी. २००८ शेवटी. हे एका फटक्यात करू नका, लेकीच्या तीन-चार खेपांना पुरवा. ९,९९९ रुपयांत एकदम मिळणाऱ्या पूर्णत्वाला तुम्ही भुललात, ते बहुधा भांडणाचा कंटाळा आला म्हणून. एरवी चोवीस-पंचवीस वर्षे वाट बघणारा माणूस घाई करत नाही.

२००८चा संच आला की त्यातले अलास्का आधी वहिनींना दाखवा, भिंग देऊन. त्यावर अस्वल आहे, तोंडात मासा धरलेले. ते ताम्हनाच्या लायकीचे की मोंटानाच्या कवटीशेजारचे, त्यांचा निकाल मला पत्राने कळवा.